काश्मीर नको, धोपावे चालेल

फेब्रुवारी जवळ आला की या सदराला येणारी पत्रं एकदम शाळकरी होतात. एरवी सुनेचं, सांधेदुखीचं, वाटणीचं विचारणारे वाचक अचानक निबंधाचं विचारू लागतात. मी मराठीची बाई होते हे लोक विसरत नाहीत, त्याचा हा परिणाम. यावेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्यानेच बरीच जागा खाल्ली, पण ते पत्रच तसं होतं.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. आमचं गाव गुहागर तालुक्यात, धोपाव्याजवळ. सराव परीक्षेत ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ असा विषय आला होता आणि मी तो सोडून दिला. बोर्डाला प्रवासावर काही आलं तर काय लिहू? मी कधीच कुठे गेलेली नाही. सगळ्यात लांब म्हणजे रत्नागिरी, तेसुद्धा लग्नाला. शाळेची सहल गेली तेव्हा मला ताप होता. गाईडमध्ये काश्मीरचा तयार निबंध आहे, माझ्या मैत्रिणींचा तो पाठ झालाय. मीही करू का? पत्र पाठवायला उशीर झाला, कारण महिन्यातून दोन गुरुवार मी घरी नसते. आजोबांना घेऊन फेरीबोटीने दाभोळला आणि तिथून एसटीने दापोलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. बाबा बोटीवर असतात. आजोबा पूर्वी याच खाडीत तरीवर, म्हणजे माणसं पार करायच्या जागी, होडी वल्हवायचे. आता फेरीत चढताना त्यांना माझा हात लागतो.

उत्तर : बाळा, काश्मीर पाठ करू नकोस. पाठांतर वाईट असतं असं काही मी सांगत नाही, मी स्वतः पाढे पाठ करूनच मोठी झाले. अडचण वेगळी आहे. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं पेपर तपासले. एका उन्हाळ्यात पडवीत गठ्ठा सोडून बसले होते. दुपारपर्यंत दल सरोवरात इतके शिकारे फिरले, की एवढ्या होड्या मी आमच्या खाडीत जन्मात पाहिल्या नव्हत्या. सगळ्यांची ‘सकाळची रम्य वेळ’ होती, सगळ्यांचे ‘पक्षी किलबिलाट करत’ होते आणि परत येताना सगळ्यांचे ‘पाय जड झाले’ होते. चौथ्या पेपरापासून तपासणारा वाचत नाही, नुसता बघतो. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो म्हणून आपण छाती काढून फिरतो, आणि आपली पोरं मात्र न पाहिलेल्या बर्फावर घसरत असतात.

आता तुझं पत्र तूच पुन्हा वाच. वर लिहितेस, मी कुठे गेले नाही. खाली चार ओळींत महिन्याचे दोन प्रवास सांगून टाकतेस, तेही उशिराची माफी म्हणून. तुझा निबंध त्या माफीत आहे.

धोपावे-दाभोळ फेरीने मी कितीदा गेले असेन! पंधरा मिनिटांचं पाणी. ते नसेल तर चिपळूणवरून केवढा वळसा पडतो ते तुला सांगायला नको. रोज जाणाऱ्यांना त्यात काही दिसत नाही आणि पर्यटकाला सगळंच सुंदर दिसतं, म्हणजे त्यालाही काही दिसत नाही. तू या दोघांच्या मधली आहेस. तुझ्या हातात एका म्हाताऱ्या माणसाचा हात आहे. तो माणूस ही खाडी अंगावर वागवून आहे आणि आता ती त्याला धड दिसत नाही. येत्या गुरुवारी एवढंच बघ. आजोबा फेरीत कुठल्या बाजूला बसतात? तोंड धक्क्याकडे की खाडीच्या मुखाकडे? भरती आहे की ओहोटी, हे त्यांना डोळ्यांनी कळत नसेल तर कशाने कळतं? फळी खाली पडल्याचा आवाज झाला की ते आधी उठतात की तू उठवायची वाट बघतात? त्यांच्या शेजारी कोण असतं: पाटी घेतलेली कोळीण, दुचाकीवर बसूनच पार होणारा कुरियरवाला, की गाडीतून उतरून फोटो काढणारे पुण्याचे लोक? ज्याला अजून सगळे एन्रॉनच म्हणतात त्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या त्यांना दिसतात का, का ते ‘तिथे असतील’ म्हणून मान वळवतात? आणि तिकीट कोण काढतं? जो माणूस एकेकाळी लोकांना पार करून पैसे घ्यायचा, तो आता स्वतः पार होण्याचे पैसे देतो. यावर तू एक अक्षरही भाष्य करू नकोस. नुसतं दाखव. तपासणारीला कळेल.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर चार-पाच ओळी टिपून ठेव. छान वाक्यं नकोत. हातात काय होतं (पिशवी? त्यात काय? डॉक्टरांची फाइल कशात गुंडाळली होती?), कोण नेमकं काय बोललं, कुठे अडलं, आणि घरी कोणाला काय सांगितलं नाही. यातलं शेवटचं सगळ्यात कामाचं. प्रत्येक प्रवासात माणूस काहीतरी न सांगता परत येतो.

हे मला कोणी शिकवलं ते सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत वर्गात ‘मी केलेला प्रवास’ लिहायला दिला होता. एका मुलाने दीड किलोमीटरचा प्रवास लिहिला. गणपती आटोपून त्याचे वडील मुंबईला परत निघाले होते. पहाटेची गाडी, म्हणजे आमच्या गावात रात्री वस्तीला असायची ती. वडील गेल्यावर आईच्या लक्षात आलं, की आमसुलांची पुडी ओट्यावरच राहिली. पोरगा पुडी घेऊन पाणंदीतून धावत सुटला. चपला हातात, कारण चिखल होता. पऱ्यावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) ओला होता म्हणून तो बसून बसून पार केला. वर सडकेला पोचेपर्यंत गाडीचा लाल दिवा वळणाआड जात होता. तो परत आला. आईने विचारलं, ‘दिलीस?’ याने ‘हो’ म्हटलं. निबंधाचं शेवटचं वाक्य असं होतं : पुडी मी मांगरात लपवली.

मी त्याला दहापैकी चार दिले. लाल शाईने लिहिलं, ‘प्रवास अपूर्ण. निसर्गवर्णन नाही. शुद्धलेखनाकडे लक्ष दे.’ त्या वर्षीचा दुसरा एकही निबंध आज मला आठवत नाही. तो मुलगा पुढे भेटला असता तर सांगितलं असतं. भेटला नाही.

तेव्हा कुठे पोचलंच पाहिजे असंही नाही. पण का निघालो हे मात्र पहिल्या दोन-तीन वाक्यांत यायला हवं. आपल्या कोकणातल्याच एका माणसाने हे फार चोख केलं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. ते काही जग बघायला निघाले नव्हते. घरावर कर्ज होतं आणि उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, असं कानावर आलं होतं. गाठ पडली ती बंडाशी आणि झाशीच्या वेढ्याशी. दक्षिणेचा पैसा वाटेत लुटला गेला, पण आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड मात्र घरापर्यंत आणली. ‘माझा प्रवास’ या नावाने ते पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. कर्ज आणि कावड ही दोन टोकं नसती, तर मधली सगळी लढाई इतिहासाच्या धड्यासारखी वाटली असती. तुझ्याकडे जाताना डोळ्यांची फाइल आहे. येताना काय असतं ते तू बघ. औषधाच्या बाटल्या असतील, दापोलीच्या बाजारातली भाजी असेल, किंवा आजोबांनी गुपचूप घेऊन दिलेलं काहीतरी.

आता परीक्षेचं. मराठी प्रथम भाषेचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि वेळ ३ तास. लेखनकौशल्याला ८ गुण. हिशेब केलास तर त्याच्या वाट्याला १८ मिनिटं येतात. म्हणजे विचार करायला ३, लिहायला १३, वाचायला २. काश्मीर पाठ करणाऱ्यांना वाटतं आपला वेळ वाचतो, पण विषय जरा वाकडा आला की तेच सगळ्यात जास्त वेळ पेन चावतात. कारण प्रश्न ‘प्रवास’ असाच येईल असं कुठे आहे? प्रसंगलेखन, आत्मवृत्त, वैचारिक, यांतलं एक करायचं असतं. तुझी फेरी तिन्हीकडे नेता येते. प्रसंगलेखनात ‘पावसात अडकलेला एक तास’ आला, तर फेरी बंद पडून धक्क्यावर बसलेला तो दिवस लिही. असा दिवस पावसाळ्यात झालाच असेल. आत्मवृत्तात नदी, बस, होडी, जुनी छत्री काहीही येवो, तुझ्याकडे आजोबांची होडी आहे. फेरीबोट आल्यावर ती काठावर उलटी पडली, तिच्या तोंडून बोल. आणि वैचारिकमध्ये ‘वाहतुकीच्या सोयी’ किंवा ‘ज्येष्ठांचे प्रश्न’ आलं, तर पहिलं उदाहरण पुस्तकातलं देऊ नकोस, दाभोळच्या धक्क्यावरचं दे. असे तीन अनुभव तयार असले की पुरे. चौथा कशाला? गोंधळ होतो.

खोटं लिहिलं तर चालतं का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. चालतं. प्रसंगलेखनात न घडलेलं घडल्यासारखं लिहायचंच असतं. पण खोट्याला बसायला खरा पाट द्यावा लागतो. फेरी बंद पडली नसेल तर पाड बंद, पण धक्क्यावरचा चहा, बाकावरचं ऊन, आजोबांची काठी खरी ठेव.

सुरुवात बोलण्याने केलीस तर हात लवकर मोकळा होतो. समजा : ‘डावीकडे बसू नको, ऊन येईल,’ आजोबा म्हणाले. ऊन कुठून येणार ते त्यांना अजून कळतं, समोरची पाटी मात्र वाचता येत नाही. हे माझं वाक्य झालं हं, तू उतरवू नकोस. नाहीतर पुढच्या वर्षी माझ्याच पडवीत दाभोळच्या शंभर फेऱ्या लागतील.

शुद्धलेखनाचं एकच सांगते. ‘केले, गेले’ लिहायचं की ‘केलं, गेलं’, ते आधी ठरव आणि शेवटपर्यंत तेच ठेव. मुलं पहिल्या परिच्छेदात ‘ठरवले होते’ म्हणतात आणि तिसऱ्यात ‘पोचलो, बघितलं, मजा आली’ म्हणून सुटतात. वाचणाऱ्याला वाटतं निबंध दोघांनी लिहिला.

आणि आजोबांना विचार, तरीचं माणशी भाडं तेव्हा किती होतं आणि गुरांचं वेगळं घ्यायचे का. मला खरंच माहीत करून घ्यायचंय. कळव.

प्रश्न : मी मालवणचा. माझा आजीबरोबरच्या एसटी प्रवासाचा निबंध आहे. त्यात कट्टा गाव आलं की आजी कंडक्टरला म्हणते, ‘रे झिला, माका कट्ट्याक उतरय.’ शिकवणीतल्या सरांनी त्यावर काट मारली आणि ‘हे वाहका, मला कट्टा येथे उतरव’ असं करून दिलं. आजी असं बोलत नाही. काय करू?

उत्तर : तुझी आजी ‘हे वाहका’ म्हणाली असती, तर कंडक्टरने तिला कट्ट्याला नाही, थेट दवाखान्याशी उतरवली असती.

माणसाचं बोलणं अवतरणचिन्हात जसंच्या तसं ठेव, ते चूक नाही. निवेदन मात्र प्रमाण मराठीत लिही, म्हणजे कुठली भाषा तुझी आणि कुठली आजीची हे स्पष्ट राहील. तपासणारा मालवणी जाणणारा असेलच असं नाही, म्हणून अर्थ मागच्या-पुढच्या वाक्यातून लागला पाहिजे. ‘कंडक्टरने घंटीची दोरी ओढली आणि कट्ट्याच्या स्टॉपवर गाडी थांबली’ एवढं पुढे आलं की जगात कोणालाही कळेल. पण मोह आवर. सबंध निबंधात आजीची दोन-तीन वाक्यं पुरेत. पानभर गजाली (गप्पा) लिहिल्यास तर त्या वाचायला मजा येईल, पण ८ गुणांच्या मापात प्रवास उरणार नाही. सरांशी वाद घालू नकोस. मान डोलव आणि परीक्षेत तुझं लिही.

एक शंका मात्र माझी. पत्रात तू आजीचं एवढं एकच वाक्य दिलंस. कंडक्टरने काय उत्तर दिलं? निबंधातला दुसरा माणूस मुका असला की पहिला नाटकातला वाटायला लागतो.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे. आम्ही चिपळूणचे. २०२१ च्या पुरात आमचं तळमजल्याचं घर गेलं, तेव्हा ती लहान होती. आता कुठलाही विषय द्या, ती फिरून पुरावर येते. ‘जीवनप्रवास’ असा विषय शाळेत दिला, त्यातही पूर. बाई म्हणाल्या, परीक्षेत आनंदी लिहावं, गुण मिळतात. तिला थांबवावं का?

उत्तर : ताई, थांबवू नका. आनंदी लिहिल्याने गुण मिळतात असं मी तरी कधी पाहिलं नाही. उलट ओढूनताणून हसणारा निबंध दोन ओळींत ओळखू येतो.

पण तिच्या निबंधात काय बिनसत असेल याचा अंदाज मला आहे, कारण त्या वर्षानंतर असे बरेच निबंध माझ्या वाचनात आले. मुलं सबंध पूर लिहायला जातात. २२ जुलै, वाशिष्ठीचं पाणी, बाजारपेठ बुडाली, एसटी स्टँड बुडालं, किती नुकसान झालं, मदत कुठून कुठून आली. हे सगळं वर्तमानपत्रात येऊन गेलंय आणि ते तिच्यापेक्षा वर्तमानपत्राला बरं जमतं. ‘जीवनप्रवास’ या शब्दाने तर मोठी माणसंही बहकतात. लगेच वादळं, काटेरी वाट, आशेचा किरण. तो शब्द पेपरात आला तर तिने मनातल्या मनात त्यातला ‘जीवन’ खोडावा आणि उरलेल्यावर लिहावं.

तिला फक्त एकच तास द्या. किंवा तेवढाही नको. तुम्ही तळमजल्यावर होतात म्हणता, म्हणजे कोणाच्या तरी वरच्या मजल्यावर गेलाच असाल. तो जिना हाच प्रवास. पंधरा-वीस पायऱ्या असतील. पाणी कितव्या पायरीला होतं, पुढे कोण होतं, मागे कोण राहिलं, वीज गेलेली होती का, वर कोणाचं दार होतं आणि त्यांच्याशी त्याआधी तुमचं बोलणं होतं की नव्हतं. चिपळुणात त्या दिवशी वर्षानुवर्षांची भांडणं एका जिन्यात मिटल्याचं मी ऐकलं आहे, काही पाणी ओसरल्यावर पुन्हा सुरू झाल्याचंही. तिच्या जिन्यात काय झालं ते तिलाच माहीत.

मात्र एक बघा. घरी सरावाला लिहिताना ती रडत असेल तर ठीक, पण लिहून झाल्यावर तासभर गप्प बसून राहत असेल तर परीक्षेसाठी दुसरा एखादा साधा प्रवास तयार ठेवा. शिमग्याला गावी जाण्याचा, मामाकडे जाण्याचा, कसलाही. परीक्षागृहातून उठून तिला लगेच पुढच्या पेपराच्या तयारीला लागायचं असतं. कुठला लिहायचा ते तिने त्या सकाळी ठरवावं, तुम्ही नको आणि बाईंनीही नको.

तुम्ही एवढंच करा. आज रात्री जेवताना तिला सहज विचारा, जिना चढून वर जाताना तुझ्या हातात काय होतं. तुम्हाला आठवतंय ते आणि ती सांगेल ते एकच निघेल असं मला वाटत नाही.